परसबागेत शिरणारी मांजरे आणि घुशी : नोव्हेंबर २०२४ ते जून २०२५ च्या प्रकल्प नोंदी

जागेची माहिती आधी देते, म्हणजे पुढचे मोजमाप समजेल. साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याकडच्या वस्तीत आमचे घर आहे आणि घरामागे २२ × १६ फुटांची परसबाग आहे. मागे आणि उजव्या हाताला पाच फूट उंचीची विटांची भिंत आहे, डावीकडे घराचा बोळ असून त्याला लोखंडी फाटक आहे, आणि मागच्या भिंतीपलीकडून उघडे गटार वाहते. बागेत चार वाफे आहेत, प्रत्येक ८ फूट लांब आणि अडीच फूट रुंद.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीज उरकल्यावर ४ तारखेला पेरलेली मेथी काल दोन पानांवर आली होती. आज सकाळी पाहिले तर वाफ्यात वीतभर रुंदीचे तीन खड्डे, रोपे उपटून बाजूला आणि एका खड्ड्यावर माती ओढून नीट झाकलेली विष्ठा. खड्डा करून वरून झाकण्याची पद्धत मांजराची. कुत्रा झाकण्याच्या भानगडीत पडत नाही, आणि घूस उकरते तेव्हा भोकाच्या तोंडाशी मातीचा ढीग सोडते. दिवाळीपूर्वीची पेरणीही अशीच गेली होती, परंतु तेव्हा मी पाखरांना दोष देऊन मोकळी झाले होते.

या वेळी दुर्लक्ष करणे शक्य नाही, कारण सातवा महिना लागलेली मुलगी बाळंतपणासाठी आली आहे आणि कोथिंबीर खुडायला तिलाच हौस असते. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मातीत येऊ शकतो, बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांत तो संसर्गक्षम होतो, मातीत कित्येक महिने टिकतो आणि गर्भाला अपाय करू शकतो, असे तिच्या डॉक्टरांनी सांगितले. तिने मातीत हात घालणे आजपासून बंद. मी हातमोजे घालून काम करीन, आणि बागेतली भाजी भरपूर पाण्यात चोळून धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात येणार नाही.

१२ ते १६ नोव्हेंबर

या आठवड्यात ऐकीव उपाय केले. संत्र्याच्या साली दोन दिवसांत सुकल्या आणि त्यांच्या शेजारीच नवा खड्डा पडला. मिरचीपूड पहिल्याच पाण्याने वाहून गेली, शिवाय पूड पंजाला लागून मांजराच्या डोळ्यांत जाते हे लक्षात आल्यावर ती पुन्हा टाकावीशी वाटली नाही. फाटकाजवळ आणि वाफ्यांच्या कडेला कुंकवाच्या लाल पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, कारण आमच्या गल्लीत दर तिसऱ्या दारात त्या असतात. गुरुवारी दुपारी शेजारचा पिवळा बोका त्यातल्याच एका बाटलीला पाठ टेकून ऊन खात बसला होता.

यातली खरी चूक डांबरगोळ्यांची. आठ गोळ्या फोडून वाफ्याच्या कडेने पुरल्या आणि दोन दिवसांनी जनावरांच्या दवाखान्यात सहज विषय निघाला, तेव्हा त्या मांजराला विषारी असतात आणि खाण्याच्या भाजीजवळ तर मुळीच टाकू नयेत, हे कळले. सगळ्या गोळ्या शोधून काढल्या, त्या पट्ट्यातली दोन इंच माती खरवडून पिशवीत भरून टाकून दिली. पाऊण दिवस गेला. एकूण खर्च १६० रुपये.

मांजराला ओली माती आवडत नाही म्हणून रोज रात्री वाफा भिजवून ठेवण्याचाही प्रयोग केला. खड्डे खरोखर थांबले. मात्र चौथ्या दिवशी कोथिंबिरीची कोवळी रोपे देठाशी कुजून आडवी पडू लागली. मर लागली होती. मांजरापेक्षा जास्त नुकसान मीच केले.

१७ नोव्हेंबर, रविवार

भिंतीची उंची वाढवली. बांबूच्या काठ्या भिंतीला बांधून त्यांवर दोन फूट शेडनेट ताणली. जाळी, बांबू आणि तार मिळून १,८५० रुपये आणि दोघांचा अख्खा रविवार लागला. भिंतीवर काचा लावून घ्या, असे गवंडी म्हणाला होता, त्याला नकार दिला.

संध्याकाळी चहा घेताना बोका आमच्या डोळ्यांदेखत आला. तो भिंतीकडे फिरकलाच नाही. फाटकाखालच्या चार इंचांच्या फटीतून अंग चपटे करून आत शिरला आणि जाताना शेजारच्या पेरूच्या फांदीवरून गेला. आधी दोन-तीन दिवस मांजरे कुठून येतात-जातात ते पाहिले असते तर हा खर्च वाचला असता. शिवाय मांजर पाच फुटांची भिंत एका झेपेत गाठते आणि शेडनेटमध्ये नखे रुतवून सहज वर चढते, त्यामुळे फट आणि फांदी नसती तरी या जाळीचा उपयोग झाला असता असे मला वाटत नाही. कुंपणाने मांजर अडवायचे असेल तर जाळीचे वरचे टोक बाहेरच्या बाजूला कललेले आणि सैल असावे लागते, चारही बाजू बंद असाव्या लागतात आणि झाडांच्या फांद्या दूर असाव्या लागतात. आमच्या जागेत यातले काहीच शक्य नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी होती. सकाळी मतदान करून आलो आणि नंतर दिवसभर वाफ्यांचे काम केले. तीन फूट रुंदीची, एक इंच भोकांची कोंबडीजाळी ५० फूट आणली (१,१५० रुपये), कात्रीने कापून दोन वाफ्यांवर सपाट अंथरली आणि कडेने विटा ठेवल्या. मांजरांना बागेत येऊ द्यावे, पण उकरायला माती मिळू देऊ नये, हा विचार. मेथी पुन्हा पेरली. ती जाळीच्या भोकांतून वर येईल, असा हिशेब होता.

१५ डिसेंबर, रविवार

हिशेब अर्धाच बरोबर निघाला. पंचवीस दिवसांत वाफ्यात एकही खड्डा पडला नाही आणि मेथी भोकांतून छान वर आली. मात्र आपल्याकडे मेथी मुळासकट उपटतात. जाळीतून उपटायला गेले तर मुळे भोकांत अडकून देठ तुटत होते. जाळी उचलली तर अर्धी भाजी तिच्यासोबत वर आली. तीन जुड्यांचा चिवडा झाला. कोथिंबिरीला ही अडचण आली नाही, कारण ती आम्ही वरून कापतो. वांगी, टोमॅटो यांच्या रोपांना सपाट जाळी फारच सोयीची आहे, फक्त प्रत्येक रोपाभोवती जाळी फुलीसारखी कापून टोके खाली वळवावीत, नाहीतर खोड जाड झाल्यावर तार रुतते.

२२ डिसेंबर, रविवार

पालेभाजीसाठी उचलता येणाऱ्या चौकटी केल्या. भंगारवाल्याकडून पॅकिंगच्या खोक्यांच्या सहा इंची फळ्या आणल्या, त्यांचा तळ नसलेला खोका केला आणि वर कोंबडीजाळी खिळ्यांनी ठोकली. फळ्या आणि खिळे यांना ६४० रुपये पडले. पहिली चौकट पूर्ण आठ फुटांची केली आणि ती एकट्या माणसाला उचलता येईना, म्हणून दुपारी करवतीने मधोमध कापून दोन केल्या. एकूण चार चौकटी झाल्या, म्हणजे एका वेळी दोन वाफे झाकता येतात. रोपे चार इंचांची होऊन जमीन दिसेनाशी झाली की चौकट काढून पुढच्या पेरणीवर ठेवायची, कारण दाट उगवलेल्या वाफ्यात मांजर बसायला जात नाही. त्याला उघडी, भुसभुशीत, कोरडी माती हवी असते. आपण पेरणीसाठी जी माती तयार करतो, नेमकी तशीच.

२५ डिसेंबर

नाताळाच्या सुट्टीत खुरपणी केली आणि उपटलेले तण आच्छादन म्हणून वाटेवर पसरून ठेवले. दुपारी तिथे तीन मांजरे. बोका त्या तणावर पाठीवर लोळत होता, दुसरी मांजर मुळ्या चावत लाळ गाळत होती आणि तिसरी कुठली, ते मला ठाऊकही नव्हते. तण वेचून पाहिले तर ते खोकली नावाचे रोप होते. परसात, कुंड्यांत, भिंतीच्या कडेला उगवणारे, टोकेरी पानांचे हे रोप सगळ्यांच्या ओळखीचे आहे; त्याच्या उपटलेल्या मुळांच्या वासाने मांजरे वेडीपिशी होतात, हे मी ऐकले होते, पण विसरले होते. गेली दोन वर्षे मी खोकली उपटून वाफ्यांतच टाकत आले आहे, म्हणजे मांजरांना आवतण मीच देत होते. आता उपटलेली खोकली झाकणाच्या बादलीत जाते.

५ जानेवारी २०२५, रविवार

टोमॅटोच्या आठ रोपांपैकी पाच मुळासकट बाहेर. खड्डे मोठे, माती सर्वत्र उधळलेली, वाफ्यात कुत्र्याच्या पायाचे ठसे. कारण शोधावे लागले नाही: शुक्रवारी प्रत्येक रोपाच्या आळ्यात मूठभर हाडांचा चुरा घातला होता. कुत्र्याला त्यात जेवण दिसले असणार. चुरा वेचणे अशक्य होते, म्हणून ती माती उपसून शेणखत घातले, रोपे पुन्हा लावली, त्यांतली तीन जगली. फाटकाच्या तळाला जुन्या टायरचा पट्टा नटबोल्टने बसवून फट बंद केली (२१० रुपये). शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, आम्ही जवळ्याचं पाणी गुलाबाला घालायचो, त्या दिवशी अख्ख्या आळीची मांजरं आमच्याकडं." बागेत मांस-मासळीचे खत नको, एवढे मी त्यातून घेतले. घालायचेच असेल तर आधी खतखड्ड्यात पूर्ण कुजवून घालावे.

१२ जानेवारी, रविवार

चौकटींमुळे दोन वाफे सुरक्षित झाले, पण मांजरांनी उरलेल्या दोन वाफ्यांकडे आणि कढीपत्त्याच्या आळ्याकडे मोर्चा वळवला. कुठे ना कुठे ती जाणारच. तेव्हा त्यांना त्यांची स्वतंत्र जागा करून देण्याचे ठरवले. यजमानांना हे मुळीच पटले नाही. चोराला चावी देण्याचा प्रकार आहे, असे ते म्हणाले.

फाटकाजवळ २ × ३ फुटांचा विटांचा चौक केला आणि बांधकामावरून उरलेली क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, भरली. आठवडाभर एकही मांजर फिरकले नाही.

१९ जानेवारी, रविवार

दोन चुका होत्या. क्रश सँडचे कण धारदार असतात आणि मांजराच्या पंजाला ते रुचत नाहीत. आणि फाटकाजवळ सतत ये-जा असते, तर मांजराला आडोसा हवा असतो. चौक तिथून काढून पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यात हलवला, प्लास्टरची बारीक वाळू चाळून आठ इंच भरली, वर जुना पत्रा तिरका टाकला. वाळू आणि जादा विटा मिळून ३८० रुपये. मग वाफ्यातली एक ताजी विष्ठा खुरप्याने उचलून त्या वाळूत पुरली आणि बादलीतल्या खोकलीच्या चार मुळ्या ठेचून वर ठेवल्या. जे झाड मला दोन वर्षे नडले, ते आता कामाला लावले.

२३ जानेवारी

वाळूत दोन खड्डे दिसले. कढीपत्त्याचे आळे स्वच्छ. यजमान काही बोलले नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

महिनाभर नोंद नाही, कारण नात झाली आणि बाग वाऱ्यावर होती. तरीही महिन्याभरात चौकटीबाहेरच्या वाफ्यांत फक्त एकदाच खड्डा आढळला, तोही वाळू चार-पाच दिवस साफ केली नव्हती तेव्हा. घाण साचली की मांजर दुसरी जागा शोधते, म्हणून वाळू एक दिवसाआड खुरप्याने साफ करणे हे आता यजमानांचे काम. खुरपे वेगळे ठेवले आहे, त्याच्या दांड्याला लाल चिंधी बांधली आहे.

या काळात नवीन शत्रू मात्र आला. रताळ्याच्या वेलाखाली मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात मूठ जाईल एवढे बीळ, तोंडाशी मातीचा ढीग आणि अर्धी कुरतडलेली रताळी. घूस. गटाराकडून भिंतीच्या पायाखालून आली आहे.

२ मार्च, रविवार

घाईने केलेल्या कामाची ही नोंद आहे. गडी लावून (७०० रुपये) भिंतीच्या आतून दीड फूट चर खणला आणि उरलेली कोंबडीजाळी उभी घातली. सहाव्या दिवशी जाळीला आरपार भोक. कोंबडीजाळीची तार बारीक असते आणि घुशीचे दात तिला जुमानत नाहीत.

९ आणि १० मार्च

पुन्हा चर, या वेळी दोन फूट खोल. अर्धा इंच भोकांची जस्ताचा थर असलेली वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड करून केलेली जाळी, आणली. मागच्या भिंतीचे २२ फूट आणि उजव्या भिंतीचे १२ फूट, अशी ३४ फूट लांब आणि तीन फूट रुंद, ३२ रुपये चौरस फूट दराने ३,२६४ रुपये. दोन फूट जमिनीत उभी, खालचा अर्धा फूट भिंतीच्या पायाखाली वळवलेला आणि वरचा अर्धा फूट भिंतीला खिळ्यांनी ठोकलेला. दोन दिवसांची मजुरी १,४०० रुपये. दोन तुकड्यांची जोड किमान सहा इंच एकावर एक घेऊन तारेने शिवावी. आमची पहिली जोड दोन इंचांचीच होती, ती उकलून पुन्हा केली.

चर बुजवून रात्री समाधानाने झोपलो आणि सकाळी रताळ्यात नवा ढीग. घूस आतच राहिली होती. तिचे बीळ आधी रिकामे झाले की नाही ते पाहायला हवे होते: तोंड मातीने बंद करून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी उघडलेले दिसले तर घूस आत आहे, इतकी ही सोपी गोष्ट.

विषारी औषध वापरायचे नाही हे ठरलेलेच होते, कारण औषध खाल्लेली घूस एखाद्या मांजराने खाल्ली तर तेही दगावू शकते. मांजर नको असणे आणि मांजर मारणे यांत फरक आहे. विष घालून प्राणी मारणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हाही ठरतो. मोठा पिंजरा आणला (३५० रुपये) आणि त्यात सुका बोंबील लावला. पहिल्या रात्री पिंजऱ्यात बोका सापडला. पहाटे त्याच्या आरडाओरड्याने सगळी आळी जागी झाली आणि वहिनींना तोंड दाखवायची सोय उरली नाही. पुढच्या रात्री बोंबलाऐवजी भाजलेले खोबरे लावले, तिसऱ्या रात्री घूस सापडली.

३० मार्च, पाडवा

वहिनींशी सविस्तर बोलणे झाले. त्या मांजरांना दूधभात घालतात आणि ते त्यांनी थांबवावे, असे मी म्हणणार नव्हतेच. आमच्या भिंतीलगतची ताटली त्यांनी पुढच्या अंगणात हलवली आणि दोन्ही भाट्यांची, म्हणजे मांजरींची, नसबंदी स्वखर्चाने करून घेतली. पिलांचा प्रश्न त्यामुळे तरी मिटला.

एप्रिल, तीन रविवार

हे काम गरजेपेक्षा हौसेचे होते, हे आधीच मान्य करते. सुरुवात १,२९९ रुपयांच्या सौर ध्वनियंत्राने झाली, जे माणसाला ऐकू न येणारा आवाज काढते. पहिल्या दिवशी मांजरांनी कान टवकारले, चौथ्या दिवशी एक त्याच्या शेजारी झोपले.

मग हालचाल टिपून पाण्याचा फवारा सोडणारे यंत्र स्वतः करायचे ठरवले. गच्चीवरच्या टाकीला बारा व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी-मिटणारी तोटी) जोडण्याचा बेत कागदावरच फसला: टाकीचा तळ जमिनीपासून तेरा फुटांवर, म्हणजे सुमारे चार मीटर, आणि दहा मीटर उंचीला जेमतेम एक किलोचा दाब मिळतो. एवढ्यात फवारा उडत नाही, नुसते पाणी गळते. उत्तर दिरांच्या गोठ्यात मिळाले. त्यांच्या जुन्या बॅटरी फवारणी पंपाची टाकी फुटली होती, पण आतली बारा व्होल्टची मोटर चांगली होती. ती बादलीतले पाणी ओढून बारा फुटांपर्यंत धार मारते. ११० रुपयांचा पीआयआर सेन्सर (हालचाल टिपणारा), ७० रुपयांचा रिले (सेन्सरच्या इशाऱ्यावर मोटर चालू-बंद करणारा स्विच), नवी बॅटरी ९५०, नळी आणि नोझल १८०, पावसापासून बचावाचा डबा १२०; एकूण १,४३० रुपये.

सेन्सरवरचा वेळेचा स्क्रू सर्वांत कमी ठेवला, म्हणजे साधारण पाच सेकंद धार. पहिल्या पहाटे तिने दूधवाल्याला भिजवले. तोंड वाफ्यांकडे फिरवल्यावर रात्री उत्तम चालले, परंतु दुपारी मांजर समोरून गेले तरी यंत्र ढिम्म. हा सेन्सर अंगाची उष्णता आणि मागच्या वस्तूची उष्णता यांतला फरक टिपतो. मांजराचे अंग ३८-३९ अंश आणि एप्रिलमधल्या दुपारी विटांची भिंतही तेवढीच तापलेली, मग त्याला दिसणार काय? सेन्सर सावलीतल्या पूर्वेच्या कोपऱ्यात, जमिनीपासून फूटभर उंचीवर बसवल्यावर थोडी सुधारणा झाली. दुपारचा भरवसा मात्र नाही.

२८ मे

या वर्षी पाऊस फार लवकर आला; २६ तारखेला मान्सून मुंबईतही पोहोचला. पत्रा एका बाजूने गळत होता, वाळू चिंब झाली आणि मांजरे लगेच छपराखालच्या कोरड्या आल्याच्या वाफ्यात परतली. नऊ कोंब गेले. पुढच्या वर्षी पत्रा एप्रिलमध्येच तपासेन. वाळूच्या चौकाखाली विटांचा एक थर देऊन तो चार इंच उचलला, पत्रा दोन्ही बाजूंनी वीतभर पुढे काढला, वाळू उन्हात वाळवून पुन्हा भरली आणि आल्यावर चौकट ठेवली.

८ जून, रविवार

दहा दिवसांत आल्यात नवा खड्डा नाही. वाळूत आहेत.

पैशांचा हिशेब आज पूर्ण केला. एकूण १२,८३३ रुपये खर्च झाले. त्यांपैकी ऐकीव उपाय, शेडनेट, पहिल्या चराची मजुरी आणि ध्वनियंत्र यांचे ४,००९ रुपये पूर्ण वाया गेले. घुशीसाठीची वेल्डमेश, तिची मजुरी आणि पिंजरा यांचे ५,०१४ आणि टायरच्या पट्ट्याचे २१० रुपये पुन्हा करावे लागले तरी करीन. मांजरांपुरते पाहिले तर कोंबडीजाळी, फळ्या आणि वाळू, म्हणजे २,१७० रुपयांत काम होते. पाण्याच्या यंत्राचे १,४३० त्यात धरलेले नाहीत, कारण ते सुरू झाले तेव्हा मांजरे बहुतेक वाळूवर गेलेलीच होती. ते यंत्र आता काढून दिरांना द्यायचे आहे, त्यांच्या शेतावर मक्याला रानडुकरे येतात. तिथे बारा फुटांची धार काय करणार, हे त्यांनी विचारले आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही.

वानरांची टोळी मार्चमध्ये दोनदा किल्ल्याच्या बाजूने आली आणि शेवग्याची कोवळी पाने ओरबाडून गेली. त्यांच्यासाठी मी काहीही केलेले नाही.